दाराआडची सूनबाई

पहिली भूमिका कोणती, असं मुलाखतीत कुणी विचारलं की मी बिनदिक्कत खोटं सांगते. पुण्यातल्या कॉलेजातली एकांकिका, तिचं बक्षीस, मग व्यावसायिक नाटक, मग सिनेमा, असं सगळं ओळीनं सांगितलं की समोरच्या पोरीला लिहून घ्यायला सोपं जातं आणि मलाही चहा गरम असताना पिता येतो. खरं सांगायचं तर माझी पहिली भूमिका एक नव्हतीच, दोन होत्या. एक सासू आणि एक सून. दोन्ही मी कळंबच्या विहारात, लोखंडी कपाटामागं चटईवर बसून केल्या, आणि पंधरा दिवस माझं तोंड कुणाला दिसलं नाही. हे सगळं मुलाखतीत सांगायला बसलं तर त्या पोरीचा कॅमेरा बंद पडायची वेळ येईल. इथं मला कुणी घाई करत नाही, म्हणून सांगते.

आमचं घर वस्तीच्या कडेला, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात टर्नर होते. सकाळी सायकलवर टांग टाकून जायचे आणि पाळी सुटली की अंगाला लेथवर ओतायच्या कूलंटचा आंबट वास घेऊन परत यायचे. घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण ते शोभेला. आमचं सगळं भोंग्यावर चालायचं. पहिला भोंगा झाला की आई तवा ठेवायची, आणि दुसरा व्हायच्या आत अण्णांच्या फडक्यात दोन भाकरी, लसणाची चटणी आणि मिठात घातलेली मिरची बांधून तयार असायची. दुपारच्या भोंग्याला आमटी उकळायला ठेवायची, येसर मसाला घातलेली, लालभडक. तिचा वास पडवीतून रस्त्यावर जायचा आणि अण्णांची सायकल त्या वासानंच वळते असं आई म्हणायची. सुकट भाजलेलं असलं की शेजारची मांजरंही भोंगा ओळखायची.

मला लहानपणापासून आवाज गोळा करायचा नाद होता. इतर पोरी काचेच्या बांगड्यांचे तुकडे जमवायच्या, मी माणसांचे घसे जमवायचे. डेअरीवर दुधाचं माप घेणारा नाकात बोलायचा, तो मला येत होता. आमच्या शाळेच्या बाई ‘बसा’ म्हणताना शेवटी एक श्वास सोडायच्या, तो मला येत होता. कारखान्याचा भोंगा तर मी इतका हुबेहूब काढायचे की एकदा आईनं वेळेच्या आधी तासभर तवा ठेवला आणि अण्णांना भाकऱ्या पार गार खाव्या लागल्या. पण माझा खरा हातखंडा म्हणजे आईचा आवाज. अण्णा पडवीत पेपर वाचत बसले की मी मागच्या खोलीतून आईच्या आवाजात ‘आवं, च्या झालाय’ म्हणायचे. अण्णा उठून आत जायचे. आई विहिरीवर. मग संध्याकाळी दोघांची जुंपायची, तू हाक मारलीस, मी न्हाय मारली, आणि मी गोधडीत तोंड खुपसून हसायचे. एक दिवस पकडले गेले. आईनं लाटणं उगारलं, पण अण्णा म्हणाले, ‘र्‍हाऊ दे. आवाज बाकी खरा काढती कारटी.’ ते वाक्य मी पुढं कितीतरी दिवस मनात घोळवलं.

त्या वर्षी माझी दहावीची परीक्षा झाली होती. अण्णांचं ठरलेलं होतं: बारावी, मग डी.एड., मग मास्तरीण. माझंही ठरलेलंच होतं म्हणा ना, कारण दुसरं काही असतं हे मला ठाऊक नव्हतं. आणि नेमकं त्याच वर्षी बबनतात्यांनी जयंतीला नाटक बसवायचं काढलं.

बबनतात्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. आजूबाजूच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या आणि ते तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता संवाद रचायचे. नाटक असं: गिरजा नावाची विधवा भाजी विकून मुलाला शिकवते, मुलगा मोठा साहेब होतो, शहरातली बायको करतो, ती सून सासूला घराबाहेर काढते, आणि शेवटी सगळं डोळ्यांत पाणी आणून गोड होतं. साहेबाचं काम दिलीपला. तो पुढं लोणी देवकरला कंपनीत लागला आणि तिथं खराखुरा साहेब झाला, म्हणजे तात्यांची निवड काही अगदीच वाया गेली नाही. बायकांची कामं मात्र गावातल्या बायका करत नसत. त्यासाठी बाहेरून नटी आणायची पद्धत होती. ती प्रयोगाच्या दिवशी दुपारी यायची, पाठांतर करायची, रात्री काम करून दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जायची. तात्यांनी बारामतीच्या मालनबाईला ठरवलं होतं, आणि एकीतच भागावं म्हणून सासू आणि सून दोन्ही तिलाच दिल्या होत्या. दोघी कधी एकत्र येणार नाहीत असंच नाटक लिहायचं, एवढी खबरदारी घ्यायची.

पण तालमीत बायकांची वाक्यं कुणी तरी म्हणायला हवीत, नाही तर दिलीप कुणाशी बोलणार? तात्या आमच्या पडवीत आले, चहा प्याले, आणि उज्ज्वलाला पंधरा दिवस वाचायला पाठवता का म्हणून विचारलं. उज्ज्वला म्हणजे मी.

अण्णांनी बराच वेळ कप हातात धरला. ‘आवाज चालंल,’ ते म्हणाले. ‘तोंड न्हाय दिसायचं.’

‘तालमीतसुदीक?’ तात्यांनी विचारलं.

‘कुठंच न्हाय.’

म्हणून ते कपाट. विहारातल्या सतरंज्या आणि पुस्तकं ठेवायचं लोखंडी कपाट भिंतीपासून दोन हात पुढं ओढलं आणि मागं मला चटई टाकून दिली. संध्याकाळी पुरुष मंडळी जमायची, दिलीप छाती काढून उभा राहायचा आणि कपाटातून त्याची आई बोलायची. मग त्याची बायको बोलायची. सासूला मी आमच्या आईच्या आवाजातली खरखर दिली होती आणि सुनेला रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्या बाईची जीभ. बघणारे कधी कधी कपाटावर टकटक करून विचारायचे, आत दोघी आहेत का म्हणून. मला इतका आनंद होत होता की रात्री झोपेतही मी दोघींची भांडणं लावायचे. आणि अण्णांचा मला राग यायचा, हेही सांगून टाकते. मला वाटायचं, इतर बापांसारखाच हाही बाप. पोरगी दिसली की अब्रू जाते असं मानणारा.

प्रयोगाला चार-पाच दिवस उरले असताना जयंतीच्या कमिटीतल्या मंडळींनी तात्यांना सांगितलं की शेवट फार कोरडा होतोय. सून चिठ्ठी पाठवून माफी मागते, हे काय खरं? समोरासमोर भेट पाहिजे. तात्यांनी एका रात्रीत भेटीचा प्रवेश लिहिला. सून आतून धावत येते, सासूच्या पाया पडते, सासू तिला उचलून पोटाशी धरते. फार सुंदर प्रवेश. आम्ही तो चार वेळा तालमीत केला. कपाटामागं मी आधी रडायचे आणि मग माझीच समजूत घालायचे. ऐकणाऱ्यांनी डोळे पुसले. तात्या म्हणाले, आता हे नाटक तालुक्यात गाजणार. पाच शहाणी माणसं रोज समोर बसत होती आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

मालनबाई जयंतीच्या दिवशी सकाळी अकराला दोन एसट्या बदलून आली. चाळिशी ओलांडलेली, अंगानं भरलेली, हातात पत्र्याची पेटी आणि काखेत वांग्यांनी गच्च भरलेली पिशवी. तिची उतरायची सोय आमच्याकडं होती. आल्या आल्या तिनं पिशवी आईपुढं ठेवली, ‘हीच कर दुपारला,’ म्हणाली, आणि पाय लांब करून पडवीत बसली. तिला वाचता येत नव्हतं. ती सगळं कानानं पाठ करायची. एकदा ऐकलं की अर्धं, दोनदा ऐकलं की सगळं. मी वही घेऊन समोर बसले आणि नाटक वाचायला लागले. ती डोळे मिटून पान लावत होती आणि ओठ हलवत होती. मध्येच म्हणाली, ‘पोरी, तुझ्या घशात दोन बाया हायत. पर पाय एकीचं बी न्हायत.’

‘म्हंजे?’

तिनं उठून दाखवलं. गिरजा चालली तेव्हा टाच आधी टेकली, डोक्यावरची पाटी तोलत असल्यासारखी. सून चालली तेव्हा चवड्यावर, अंगण ओलं असल्यासारखी. त्याच बाईचं तेच भरलेलं अंग, आणि पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईस्तोवर वय वीस वर्षांनी उतरलं. मी नंतर मोठमोठ्या शिबिरांना गेले, तिथं शरीराची भाषा या विषयावर दोन दोन दिवस व्याख्यानं ऐकली. तेवढ्याच गोष्टीला मालनबाईला पडवीची आठ पावलं लागली होती.

जेवायला बसलो. आईनं वांगी भरून केली होती, शेंगदाण्याच्या कुटात. जेवताना मी शेवटचा प्रवेश वाचत होते. मालनबाईचा घास हातातच राहिला.

‘थांब जरा. हितं गिरजा उभी हाय न्हवं?’

‘व्हय.’

‘आन सून?’

‘ती आत्ताच आतनं पळत आली की.’

‘आन दोघी बी मीच?’

मी वहीकडं बघितलं. वही काही बोलेना.

‘मग मी माझ्याच पाया कशी पडू गं?’ असं म्हणून मालनबाई जी हसायला लागली, ती ठसका लागेपर्यंत हसली. आईनं पाणी दिलं आणि मग आईही हसायला लागली. मी मात्र पळत जाऊन तात्यांना घेऊन आले. ते हातात तांब्याच्या तारेचं वेटोळं घेऊन तसेच आले, त्यांना सांगितलं, आणि ते पडवीच्या पायरीवर मटकन बसले.

‘चार येळा केला आपुन ह्यो प्रवेश,’ ते म्हणाले. ‘एकाला बी दिसलं न्हाय?’

‘तात्या, दिसायला मी कुठं व्हते? मी कपाटामागं व्हते.’

‘मंग काढून टाका की प्रवेश,’ आई म्हणाली. नेमक्या त्याच वेळी रस्त्यावरून कमिटीची भोंगा लावलेली रिक्षा गेली. ‘आणि शेवटी सासू-सुनेची हृदयद्रावक भेट! बंधू-भगिनींनो, पाहायला विसरू नका!’ तात्यांनी कानावर हात ठेवले. दिलीपच्या भावाला लुगडं नेसवून उभं करावं असं कुणी तरी सुचवलं. त्याला विचारायला माणूस पाठवला, तर तो म्हणाला लग्न जमत आलंय, मिशी काढणार नाही. मग सगळेजण एकेक करून माझ्याकडं बघायला लागले. मला दोन्ही कामं तोंडपाठ होती. मी वांग्याचं ताट बाजूला सारलं. मला ते काम पाहिजे होतं. आयुष्यात तोपर्यंत कुठलीच गोष्ट मला इतकी हवीशी वाटली नव्हती. आणि अण्णांनी तोंड दिसणार नाही म्हणून सांगून ठेवलेलं होतं.

अण्णा त्या दिवशी रजेवर होते, पण घरी नव्हते. ते चौकात रंगमंचावर दार बसवत होते. रंगमंच म्हणजे दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या एकमेकींना चिकटवून उभ्या केलेल्या. दरवर्षी मागं नुसता पडदा असायचा, पण अण्णा म्हणाले होते साहेबाच्या बंगल्याला पडदा शोभत नाही. त्यांनी लोखंडी अँगलची चौकट केली, तिला पत्र्याची फळी, वरून निळा रंग, आणि लेथवर स्वतः घडवलेली कडी. कडी मागच्या बाजूला होती. आदल्या दिवशीच्या रंगानं ती चिकटत होती आणि अण्णांच्या हाताशिवाय कुणाला ऐकत नव्हती. ट्रॉल्यांच्या सांध्यावर चौकट डुगडुगायची म्हणून प्रयोगभर मागं उभं राहून ती धरायचं कामही अण्णांनी अंगावर घेतलं होतं. ती कडी अजून माझ्याजवळ आहे. दार पुढं शेळीच्या खोपटाला लागलं.

अण्णा जेवायला आले. मालनबाईनं त्यांना जेवू दिलं, हे तिचं शहाणपण. ते वांगी दुसऱ्यांदा वाढून घेत होते तेव्हा तिनं विषय काढला.

‘शिवरामराव, पोरगी एका प्रवेशापुरती द्या.’

‘आवाज दिलाय की,’ अण्णा म्हणाले.

‘आवाजाला पाया पडता येत न्हाय.’

अण्णांनी घास खाली ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि आईनंही नसावं, कारण ती चुलीपाशी होती ती तशीच थांबली. ‘माझी आत्या तमाशाच्या फडात व्हती,’ ते म्हणाले. ‘मी सात-आठ वर्साचा. तिचा हात धरून इंदापूरच्या बाजाराला जायचो. लोकं लांबनं तिचं तोंड वळखायची आन हाका मारायची. काय काय बोलायची. ती हसून सोडून द्यायची. पर मला कळायचं. शेवटी शेवटी पदर पार नाकापतूर वढून बाजाराला यायची. तिला भाजी बी नीट दिसायची न्हाय. मीच बघून सांगायचो, आत्ये, ही कवळी हाय, ही जून हाय.’ एवढं बोलून ते पाणी प्याले. ‘आमी तितनं हितवर आलोय, बाई. पोरगी शिकतीया. तिचं तोंड मी बाजारात ठिवणार न्हाय.’

माझा राग कुठल्या कुठं गेला. मला त्या आत्याची भाजी दिसत होती, आणि तिच्या हाताला धरलेले सात वर्षांचे अण्णा. रडू आलं, पण काम पाहिजे होतं ते होतंच. दोन्ही गोष्टी एकदम वाटतात माणसाला, आणि त्याचं काही करता येत नाही.

मालनबाई म्हणाली, ‘मला बी मारत्यात हाका. खोटं कशाला सांगू? पर काल वडगाव निंबाळकरला मी खाष्ट सासूचं काम केलं. सकाळी एसटीची वाट बघत व्हते तर एक म्हातारी आली. तोंड बघितलं आन सुरूच झाली. भवाने, लेकराला चटकं देतीस व्हय, असं तसं. पाच मिंटं शिव्या दिल्या. आन दम लागल्यावर म्हनती, जेवलीस का? शेतातली पिशवीभर वांगी दिली. तीच खाताय तुमी.’

अण्णांनी ताटाकडं बघितलं. आईनं तोंडाला पदर लावला. अण्णांच्या ओठाचा कोपरा हलला, पण तेवढाच.

‘वांगी ब्येस हायत,’ ते म्हणाले. ‘पर न्हाय.’

मार्ग आईनं काढला. चुलीकडं तोंड ठेवूनच ती म्हणाली, ‘मंग सून दाराआडनं बोलू दे. शरम वाटती म्हनून भाईर येत न्हाय, असं करा. एवढं वजनाचं दार केलंय तुमी, त्याचा कायतरी उपेग हू द्या. तुमी बी तितंच हाय की धराय.’

तात्यांनी टाळी वाजवली. अण्णांनी विचार केला आणि आवाजच आहे तर हरकत नाही म्हणाले. मालनबाई तर चटकन ‘झ्याक झालं’ म्हणून हात धुवायला गेली. इतक्या चटकन, की आता आठवलं की मला हसू येतं. तेव्हा मला काही कळलं नव्हतं.

मिरवणूक उजेडातच संपली. विहारापुढं गव्हाची खीर वाटली, गूळ आणि सुंठ घातलेली, आणि खिरीची पातेली घासायच्या आत लोक चौकात पोती अंथरून बसले. नाटक सुरू झालं. मी ट्रॉलीच्या मागं, अण्णांच्या शेजारी. पहिल्या अंकात मालनबाईनं गिरजा अशी काही केली की पुढच्या रांगेतल्या बायका तिच्याकडची भाजी विकत घ्यायला उठतील असं वाटलं. दुसऱ्या अंकात तीच गुलाबी नायलॉनची साडी नेसून, डोळ्यांना गॉगल लावून सून होऊन आली आणि त्याच बायकांनी बोटं मोडली. शेवटच्या प्रवेशाआधी ती मागं आली, झटपट लुगडं नेसली आणि गुलाबी साडी माझ्या अंगावर टाकली.

‘नेस.’

‘कशाला? मी दाराआडच हाय की.’

‘परकरातला आवाज येगळा, साडीतला येगळा. नेस म्हनते न्हवं?’

अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि पाठ केली. मी नेसले. आजही डबिंगला जाताना पात्र साडीतलं असेल तर मी साडी नेसून जाते, आणि स्टुडिओतली पोरं मला थोडी चक्रम समजतात. समजू देत.

प्रवेश सुरू झाला. मालनबाई बाहेर, मी आत. मी रेडिओच्या बाईच्या जिभेनं माफी मागितली, रडले, हुंदका दिला. बाहेर चौक गप्प. पत्र्याच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत येत होती, ती अण्णांच्या हातांवर पडली होती. दोन्ही हातांनी चौकट धरली होती त्यांनी. आता सासू म्हणणार, जा सूनबाई, मी तुला माफ केलं, आणि पडदा. तसं ठरलं होतं.

मालनबाई ते म्हणालीच नाही.

‘सूनबाई,’ ती म्हणाली, ‘दाराआडनं माफी मागत्यात व्हय? माझं पाय हितं भाईर हायत.’

मी गार. हे वहीत नव्हतं. तात्या पलीकडून हातवारे करत होते, त्यांचा अर्थ त्यांनाही कळत नसावा. समोरून एक बाई ओरडली, ‘उघड की गं दार!’ मग आणखी दोघी-तिघी. मालनबाई दाराजवळ आली. तिच्या टाचांचा आवाज मला ट्रॉलीच्या फळीवर ऐकू आला. हळू, पण माइकला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, ‘ये बाळा. कुनी काय म्हनत न्हाय.’

मी अण्णांकडं बघितलं. मी तोंडानं काही मागितलं नाही. शब्द देऊन ठेवलेला होता आणि कडी माझ्या हाताला ऐकणारी नव्हती. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, अंगावरच्या साडीकडं बघितलं, आणि मग फटीतून बाहेर, त्या पोत्यावर बसलेल्या लोकांकडं बराच वेळ बघितलं. मग त्यांनी उजवा हात चौकटीवरून काढला. चौकट कलली, तिला त्यांनी खांदा लावला, आणि कडी ओढली.

खट्. तेवढा आवाज मी अजून घशातून काढू शकलेले नाही.

मी बाहेर आले. डोळ्यांवर दिवे. आणि लोकांनी मघाशी बघितलेली सून होती गुबगुबीत चाळिशीची, तिच्या जागी ही सोळा वर्षांची काडी. एक क्षण कुणालाच काही सुधरेना. मग मागच्या रांगेतून कुणी तरी खणखणीत ओरडलं, ‘आरं, सून वाळली की!’

चौकात हशा फुटला. मी दाराशीच अडले. मालनबाईनं डोळ्याचं पातं लवू दिलं नाही. ‘वाळंल न्हाय तर काय!’ ती लोकांकडं वळून म्हणाली. ‘सासूला भाईर काढून कुनाच्या अंगी लागलंय आजवर?’ टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, आणि म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मी सावरले. तिला वळसा घालून ट्रॉलीच्या पुढच्या कडेला गेले, तिच्याकडं तोंड केलं आणि पाया पडले. माफीचं वाक्य म्हटलं, रडले. आणि पंधरा दिवसांच्या सवयीनं पुढचं सासूचं वाक्यही मीच, सासूच्या आवाजात म्हणून टाकलं, ‘ऊठ लेकी.’ मालनबाई क्षणभर थबकली, मग मला उचलून पोटाशी धरलं आणि म्हणाली, ‘माझ्या तोंडचं बी काढून घेतलंस गं पोरी.’ लोकांना ते नाटकातलंच वाटलं. पडदा पडला तेव्हा बायका खरोखर रडत होत्या आणि मी हसत होते. हसू थांबेना.

अण्णा त्या रात्री माझ्याशी बोलले नाहीत. दार उतरवून, चौकट सोडवून ते उशिरा आले आणि झोपले. मला झोप लागली नाही. पहाटे मालनबाई पेटी उचलून निघाली. आईनं तिच्याबरोबर भाकरी बांधून दिली. जाताना तिनं माझ्या पायांकडं बघितलं. ‘काल चाललीस ती ना सासूगत ना सुनंगत,’ म्हणाली. ‘तुझ्यासारखीच चाललीस. पुढं जमंल.’ आणि एसटीच्या रस्त्याला लागली. चालताना तिची टाच आधी टेकत होती की चवडा, हे बघायला मी पडवीत उभी राहिले, तर ती तिसऱ्याच कुणाची चाल चालत होती.

मग पहिला भोंगा झाला. आईनं तवा ठेवला. अण्णा चहात भाकरी कुस्करून खात होते आणि मी समोर, बोलणी खायच्या तयारीनं बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला, फडकं घेतलं, सायकल पडवीतून बाहेर काढली. चाकाची हवा बोटानं दाबून बघितली. माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘पाया पडताना लोकांकडं पाठ केलीस.’

मी उठून उभी राहिले.

‘मी आत हुतो, मला दिसलं तोंड,’ अण्णा म्हणाले. ‘लोकांना न्हाय दिसलं. पुढच्या बारीला तोंड लोकांकडं करून उभी र्‍हा.’ आणि टांग टाकून निघून गेले.